डबा खातात, की डब्यातलं जेवण?

विचारणा अशी आहे. ऐरोलीतल्या एका कचेरीत जेवायच्या जागेत पाटी लावायची आहे. मजकूर ठरला, 'डबा खाल्ल्यावर टेबल पुसून ठेवावे.' एका सहकाऱ्याने हरकत घेतली की डबा हे भांडं आहे, भांडं कोणी खात नाही. 'डब्यातील जेवण जेवल्यावर' असं लिहा, नाहीतर सरळ 'टिफिन झाल्यावर'. आणखी एकाचा प्रश्न, 'डबा' लिहायचं की 'डब्बा'?

पहिला मजकूरच बरोबर आहे. तोच ठेवावा.

शाळेतल्या व्याकरणात शब्दशक्तींचा धडा असतो: अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा, व्यंजना (न बोलता सुचवलेला अर्थ). लक्षणेची ठरलेली उदाहरणं आठवा. 'आम्ही बाजरी खातो', 'बाबा ताटावर बसले'. बाजरीचे दाणे कोणी चावत नाही आणि ताटावर कोणी बसत नाही, तरी अर्थ लावताना कोणी क्षणभरही थांबत नाही. मूळ अर्थ जुळला नाही की त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घ्यायचा, ही लक्षणा. भांड्याच्या नावाने आतल्या पदार्थाचा बोध होणं हा तिचा अगदी रुळलेला प्रकार. 'दोन कप प्यायला', 'एक ताट जास्त वाढ' हेही त्यातलेच. 'डबा खाल्ला' चूक ठरवायचं, तर ही सगळी वाक्यं चूक ठरवावी लागतील.

पण खरं सांगायचं तर 'डबा' आता लक्षणेच्याही पुढे गेला आहे. तो एका जेवणाचं नाव झाला आहे. याचा पुरावा 'ला' या प्रत्ययात मिळतो. 'नाश्त्याला पोहे, डब्याला भेंडी, रात्री जेवायला खिचडी' हे वाक्य ठाण्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात ऐकू येईल. इथे 'डब्याला' हा शब्द नेमका 'नाश्त्याला'च्या जागी बसतो, म्हणजे तो जेवणाची वेळ सांगतो. 'डब्यात भेंडी आहे' म्हटलं की भांड्यात काय आहे ते कळतं. 'डब्याला भेंडी आहे' म्हटलं की दुपारच्या जेवणाचा बेत कळतो. 'पातेल्याला भेंडी आहे' असं आपण कधी म्हणत नाही, कारण पातेलं अजून भांडंच आहे.

याहून पक्का पुरावा उपासाच्या दिवशी मिळतो. चतुर्थीला माणूस स्टीलच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन कचेरीत येतो आणि कोणी विचारलं तर म्हणतो, 'आज डबा नाही, उपास आहे.' भांडं हातात आहे आणि तरी डबा नाही! याचा अर्थ डबा म्हणजे पोळी-भाजी, भाकरी, वरण-भात असं 'जेवण', फराळ नव्हे. उलट बाजूने पाहा. हॉटेलातून बिर्याणी मागवली, ती प्लास्टिकच्या चांगल्या झाकणाच्या डब्यात आली, तरी तिला कोणी डबा म्हणत नाही. ते 'पार्सल'. 'डबा आणलास की पार्सल मागवायचं?' हा रोजचा प्रश्न आहे आणि त्यात दोन्ही शब्द आपापली जागा नीट सांभाळून आहेत. व्याख्याच करायची तर अशी होईल: घरी केलेलं किंवा घरगुती पद्धतीचं, एका माणसापुरतं, घराबाहेर खाण्यासाठी भरून दिलेलं जेवण. दवाखान्यात पेशंटसाठी नातेवाईक नेतात तोही डबाच, आणि शाळेत छोट्या सुट्टीचा आणि मोठ्या सुट्टीचा असे दोन डबे वेगळे असतात.

आता 'टिफिन'. हा शब्द सुचवणाऱ्यांना तो जास्त सभ्य वाटतो, पण त्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. टिफिन हे मुळात भांड्याचं नावच नव्हतं. भारतात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलीत दुपारच्या हलक्या खाण्याला टिफिन म्हणत. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या अर्थाची नोंद आहे. दक्षिणेत आजही इडली-डोशाच्या हलक्या खाण्याला टिफिन म्हणतात. आपल्याकडे मात्र टिफिन बॉक्स, टिफिन कॅरियर असे जोडशब्द आले, पुढचा भाग गळून पडला आणि भांड्यालाच टिफिन म्हणायला लागले. म्हणजे टिफिन खाण्याकडून भांड्याकडे गेला आणि डबा भांड्याकडून खाण्याकडे. दोन शब्द समोरासमोरच्या दिशांनी निघाले आणि एकमेकांच्या जागी जाऊन बसले. म्हणून 'टिफिन खाल्ला' हेही चूक नाही. पण 'डबा' भांड्याचं नाव म्हणून चालत नसेल, तर आज तोच आक्षेप 'टिफिन'वरही येतो. शब्द बदलून काहीच साधत नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांच्या बाबतीत हे दोन्ही शब्द एकत्र भेटतात. या कामाची सुरुवात १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी केली असं सांगितलं जातं. १९५६ साली नोंदवलेल्या डबेवाल्यांच्या ट्रस्टच्या नावात शब्द आहे 'टिफिन बॉक्स सप्लायर्स', पण जगभर ते ओळखले जातात 'डबेवाले' म्हणून.

'डबा'चा खरा श्रीमंतपणा क्रियापदांत आहे. शब्द तोच राहतो, क्रियापद बदललं की वस्तू बदलते. बाहेरून नव्याने ठाण्यात-नवी मुंबईत नोकरीला आलेला माणूस इथेच अडखळतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

डबा 'करणे' म्हणजे स्वयंपाक करणे. पहाटे उठून कणीक मळण्यापासून भाजी फोडणीला टाकण्यापर्यंत सगळं त्यात आलं. डबा 'भरणे' म्हणजे तयार जेवण भांड्यात घालणे, हे पाच मिनिटांचं काम. डबा 'देणे' या शब्दात दोन्ही झाकून जातं: 'आई रोज डबा देते' म्हटलं की केलेलंही आलं आणि भरलेलंही, पण कष्ट किती ते दिसत नाही. 'घरातलं काम कोण करतं' अशी चर्चा चालू असेल तेव्हा ही तीन क्रियापदं जपून वापरावीत. 'डबा मी भरतो' म्हणणारा 'डबा मी करतो' असं म्हणत नाहीये, हे ऐकणाऱ्याने लक्षात घ्यावं.

'भरणे' हे क्रियापद भांड्यामुळेच आलं. जुन्या काळी शिदोरी 'बांधत'. भाकऱ्या, चटणी, कांदा असं सगळं फडक्यात असे, म्हणून 'भाकरी बांधून दिली'. फडकं गेलं, झाकणाचा डबा आला आणि 'बांधणे'चं 'भरणे' झालं. शिदोरी हा शब्द आता बहुतेक 'आठवणींची शिदोरी' अशा लाक्षणिक अर्थानेच भेटतो. रोजच्या बोलण्यातली त्याची जागा डब्याने घेतली.

भरण्याची रीतही भाषेत उतरली आहे. तीन पुडांचा डबा घेतला, तर खालच्या पुडात आमटी किंवा रस्सा, मधल्यात सुकी भाजी किंवा भात, वरच्यात पोळ्या. खालचं पूड काठोकाठ भरलं, तर वरचं बसवताना रस्सा कडेने वर येतो आणि कडी लावल्यावर लोकलच्या हिसक्यांनी पिशवीत उतरतो. बोटभर जागा मोकळी सोडावी लागते. पोळ्या तव्यावरून थेट डब्यात घातल्या, तर झाकणाच्या आतून वाफ धरते, तिचं पाणी होतं आणि वरच्या दोन पोळ्या ओल्या होतात. म्हणून त्या आधी फडक्यावर पसरून वाफ जाऊ देतात. ओलं खोबरं घातलेली भाजी गरम असतानाच झाकण लावलं, तर उन्हाळ्यात एक वाजेपर्यंत आंबूस वास येतो. या सगळ्या अनुभवातून 'डब्याची भाजी' हा एक वेगळा वर्ग तयार झाला आहे. भेंडी, फरसबी, कोबी, बटाट्याच्या काचऱ्या या डब्याच्या भाज्या. अळूचं फदफदं चवीला कितीही चांगलं असलं, तरी ते डब्याचं नव्हे. 'डब्याला चालेल अशी भाजी दे' असं भाजीवालीला सांगितलं, तर तिला दुसरं काही समजावावं लागत नाही.

आता 'लावणे'. 'मी डबा लावलाय' याचा अर्थ झाकण लावलं असा घेणारे पुष्कळ भेटतात. हे 'लावणे' वेगळं आहे. दूध लावणं, पेपर लावणं, शिकवणी लावणं, पोळ्यांना बाई लावणं या ओळीतलं ते आहे: ठरलेल्या पैशांत, ठरलेल्या वेळी, रोज येत राहील अशी व्यवस्था करणं. जुना शब्द 'रतीब' याच अर्थाचा. घणसोली, कोपरखैरणे, वागळे इस्टेट या भागांत एकट्याने राहणारी मुलं-मुली आणि शिफ्टवाले डबा लावतात. हाफ डबा म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन चपात्या आणि एक भाजी. फुल डबा म्हणजे त्यावर वरण किंवा आमटी आणि भात. लावताना हे आधी विचारून घ्यावं, कारण हाफ-फुलचं माप डबा देणाऱ्या प्रत्येकीचं वेगळं असतं. रविवारी रात्री बहुधा डबा नसतो. एखाद्या दिवशी नको असेल तर तो 'खाडा', आणि तो आदल्या रात्री सांगायचा. सकाळी भाजी फोडणीला पडल्यावर सांगितलेला खाडा धरला जात नाही. महिनाअखेरीस 'खाडे वजा करून' हिशेब होतो. खाडा हा शब्द दूधवाल्याकडे आणि कामवाल्या मावशींकडेही चालतो, आणि त्याच्या जागी 'अॅब्सेंट' किंवा 'स्किप' वापरण्याची काहीच गरज नाही.

याच्या उलट 'डबा बंद केला'. इथे मात्र खरी संदिग्धता आहे: झाकण लावलं, की व्यवस्था थांबवली? डबा देणाऱ्या मावशींना मेसेज करताना 'उद्या डबा बंद' असं लिहिलं, तर काही जणी तो एका दिवसाचा खाडा समजतात आणि काही जणी कायमचा बंद. 'उद्याचा खाडा' किंवा 'एक तारखेपासून डबा बंद' असं तारखेसह लिहावं.

'डबा परत आणला' हेही असंच. रिकामा डबा रोजच परत येतो, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. 'डबा परत आला' असं घरात म्हटलं की तो भरलेला परत आला, आणि पुढचा प्रश्न 'का, बरं नव्हतं का?' हाच असतो. इथे लक्षणाही मागे पडते आणि व्यंजना सुरू होते. कचेरीतल्या 'डबा खाल्ला का?' मध्येही तीच आहे. तो उत्तर मिळवण्याचा प्रश्न कमी आणि विचारपूस जास्त. 'लंच केलंत का?' मध्ये ती ऊब येत नाही. वयाने मोठ्यांना 'डबा खाल्लात का?' म्हणावं, 'जेवलात का?' चालतंच, पण ते घरी आलेल्या पाहुण्यालाही विचारता येतं.

डब्याभोवतीचा आणखी एक शब्द पाटी लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा: 'वार'. 'आज माझा वार आहे' म्हणजे आज मी मासे-मटण खात नाही. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाचा शनिवार. एकाच टेबलावर एकाच्या डब्यात सुकटीचं कालवण आणि शेजारच्याचा वार असं रोज घडतं, आणि 'आज वार आहे, जरा पलीकडे बसतो' एवढ्या एका वाक्यावर ते निभावतं. त्यासाठी पाटीवर नियम लिहू नयेत असं माझं मत आहे. भाषेने जी सोय आधीच करून ठेवली आहे, ती पाटीने मोडते.

राहिला 'डबा' की 'डब्बा'. प्रमाण लेखनात 'डबा'. तसंच डबी, डबडं. बोलताना, विशेषतः हिंदीच्या शेजारात, 'डब्बा' ऐकू येतं आणि ते बोलण्यापुरतं ठीक आहे. सामान्यरूप 'डब्या-': डब्यात, डब्याला, डब्यांचा. 'डबात' किंवा 'डबाला' असं लिहू नये. 'वाला' लागताना टांगा-टांगेवाला, फुगा-फुगेवाला, तसं डबा-डबेवाला. 'डब्बावाला' हे रूप हिंदी-इंग्रजीतून परत आलेलं आहे, ते मराठी मजकुरात घेऊ नये.

ठाणेकरांना या शब्दाचा आणखी एक अर्थ जवळचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, तिला १४ डबे होते. आगगाडीचा डबा आणि जेवणाचा डबा हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, बंद करता येण्याजोगी पोकळ वस्तू एवढंच दोघांत समान. ट्रान्स हार्बर रेल्वेमार्गावर ठाण्याहून ऐरोलीला जाताना 'लेडीज डब्यात डबा राहिला' हे वाक्य कोणी ऐकलं, तर त्यातला कुठला डबा कुठला ते सांगावं लागत नाही. पहिला 'आत' असण्याची जागा आहे, दुसरा हरवण्याची वस्तू. वाक्यातलं स्थान आणि क्रियापद मिळून अर्थ ठरवतात.

तेव्हा पाटीसाठी मजकूर असा सुचवतो: 'डबा खाल्ल्यावर टेबल पुसून ठेवावे. रिकामे डबे बेसिनमध्ये ठेवू नयेत.' दुसऱ्या वाक्यात 'रिकामे' हा शब्द गाळू नका. त्या एका विशेषणामुळेच पहिल्या वाक्यातला डबा जेवण राहतो आणि दुसऱ्यातला भांडं होतो.