जुना सोफा विकतोय. खरेदीदाराने क्यूआर कोड पाठवलाय, ‘स्कॅन करा, ॲडव्हान्स जमा होईल’ म्हणतो. करू का?

नका करू, तो कोड स्कॅन करून पिन टाकलात की पैसे येणार नाहीत, तुमच्याच खात्यातून जातील. यूपीआयचा पिन पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर रक्कम आणि ‘पे’ असं स्वच्छ दिसतं, पण ते वाचायला उसंत मिळू नये म्हणूनच समोरचा फोनवर अखंड बोलत राहतो. बाकी कॅसेट ठरलेली: लष्करात आहे, नुकतीच बदली झालीय, टेम्पो पाठवतो. सोफा न बघता, एक रुपयाही कमी न करवता घेणारा मराठी मुलखात भेटला, तर तिथेच शंका यावी! कधी आधी ५-१० रुपये खरंच पाठवतात, त्याने भुलू नका.

व्यक्ती-व्यक्तींमधली ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ (यूपीआयवरून समोरच्याकडे पैसे मागायची सोय) १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय हे खरं, पण क्यूआरची युक्ती त्याने थांबत नाही. त्याला सोफा खरंच घ्यायचा असेल तर पैसे पाठवायला तुमचा यूपीआय आयडी द्या. ‘जमा झाले’ असा नुसता एसएमएस आला तर तोही खोटा असू शकतो, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघूनच सोफा हलवू द्या.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवली तरच परत मिळायची आशा असते.