सल्ल्याचं काम आणि शोधनिबंध

प्रश्न : मी नगररचना शिकवते. एका पालिकेच्या पार्किंग पाहणीचं सल्लागार म्हणून काम मिळतंय. नोंदी विद्यार्थी घेतील. त्याच नोंदींवर पुढे शोधनिबंध लिहिता येईल का?

उत्तर : येईल, पण ते करारावर सही करण्याआधी ठरवा. कच्च्या नोंदी वापरण्याचा हक्क लेखी घ्या. निबंधाचा मसुदा आधी दाखवण्याची अट मान्य करायला हरकत नाही. तिला मुदत घाला, ६० दिवस पुरेत. आणि गोपनीय मजकुराखेरीज काही वगळायला लावता येणार नाही, हेही लिहून घ्या. विद्यार्थ्यांना मानधन द्या. गुणांच्या बदल्यात पाहणी करून घेणं म्हणजे फुकट राबवणं.

खरी गोम पाहणीच्या आखणीत आहे. जागा किती भरलेली असते, एवढंच पालिकेला हवं असतं; दर अर्ध्या तासाने फेरी मारून गाड्यांचे नंबर टिपले की भागतं. तुम्हाला मात्र ‘गाडी किती वेळ थांबते’ हे शोधायचं असेल, तर हीच नोंदवही फसवते. समजा, तासाला ३० गाड्या येतात आणि प्रत्येक १० मिनिटं थांबते. अर्ध्या तासाच्या फेऱ्यांत त्यांपैकी सरासरी १०च सापडतात आणि प्रत्येक गाडी ३० मिनिटं उभी होती असं धरलं जातं. दोन्हीकडे बेरीज ३०० मिनिटंच! त्यामुळे जागा किती भरलेली होती हे अचूक येतं आणि कोणाला शंकाही येत नाही. गाड्या मात्र एक तृतीयांशच मोजल्या जातात आणि थांबण्याचा वेळ तिप्पट दिसतो. म्हणून वीसेक जागांचा एक तुकडा निवडून तिथे माणूस बसवा आणि प्रत्येक गाडीची येण्या-जाण्याची वेळ टिपा. हा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच दाखवा, मागाहून मिळत नाही.

प्रश्न : बढतीच्या वेळी सल्ल्याचे अहवाल धरतात का?

उत्तर : समीक्षित निबंधाच्या तोडीचे सहसा धरत नाहीत. अहवालातली शिफारस अमलात आली, तर तिच्या आधीची आणि नंतरची स्थिती मोजा. त्यातून निबंध उभा राहतो. नगररचनेचे अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी हेच केलं. कामावरचं फुकट पार्किंग नाकारणाऱ्याला तेवढी रोख रक्कम द्यावी, ही त्यांची कल्पना. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये तसा कायदा झाला. मग त्यांनी आठ कंपन्यांत परिणाम तपासला : एकट्याने गाडी घेऊन येणारे १७ टक्क्यांनी घटले होते. तेव्हा ‘आधीची’ मोजणी काम हातात आल्याबरोबर उरका. बदल झाल्यावर ती करता येत नाही.