पीएमआरसाठी अमेरिकेला यायचं म्हणतोस, तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इंटर्नशिपचे चार महिने उरलेत, फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन (पीएमआर, म्हणजे आजार-इजेनंतर माणसाला पुन्हा हिंडतं-फिरतं करणारी ब्रँच) घ्यायचं नक्की आहे, मग नीट-पीजी देऊन भारतातच एमडी करू की अमेरिकेत रेसिडेन्सीला, म्हणजे हॉस्पिटलातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला, येऊ? आणि शेवटी जाता जाता टाकलेली ओळ, 'ताई, ऐकलंय की अमेरिकेत ही ब्रँच त्यातल्या त्यात सहज मिळते.'

त्या शेवटच्या ओळीचं आधी बघू. मलाही हेच सांगितलं गेलं होतं. ते जुनं झालं. आता अमेरिकेतल्याच मुलांना ही ब्रँच हवी असते. नाइट ड्युटी बेताच्या, पुढे स्पोर्ट्स मेडिसिन आणि पेन मेडिसिनचे रस्ते मोकळे. ऑस्टिओपॅथीची, म्हणजे डीओ झालेली मुलं तर या जागांचा मोठा वाटा घेतात. बाहेरच्या देशातून एमबीबीएस होऊन आलेल्यांसाठी उरतं ते थोडं. जानेवारी २०२२ पासून इथल्या लायसन्स परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, स्टेप वनला, मार्क नाहीत, फक्त पास-नापास, त्यामुळे सगळा भार पुढच्या टप्प्यावर, स्टेप टू सीकेवर, आलाय. तिथे ढेपाळून चालणार नाही. आणि घाईत स्टेप वन देऊन नापास झालास तर तो डाग कायमचा, हे लक्षात ठेव. तयारी कच्ची वाटली तर तारीख पुढे ढकल. त्यात कमीपणा नाही.

इंटरव्ह्यूत सगळे एकच विचारतात: पीएमआरच का? 'मला मस्क्युलोस्केलेटल आवडतं' हे उत्तर समोरच्याने त्या दिवशी आधी चार जणांकडून ऐकलेलं असतं. खरं उत्तर द्यायचं तर काम बघितलेलं पाहिजे. ते काम काय असतं, याचे दोन प्रसंग सांगते.

रिहॅबच्या पहिल्या वर्षातला दुसरा आठवडा. पहाटे तीनला नर्सचा फोन. टी-फोरला, म्हणजे छातीच्या चौथ्या मणक्याच्या पातळीला, मज्जारज्जूची इजा झालेला तरुण, डोकं फुटतंय म्हणतोय. जाऊन बघते तर चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, पाय पांढरे फटक, प्रेशर २०४ वर ११०. मी नुकतीच मेडिसिनच्या वॉर्डातून आलेली, हात सवयीने इंजेक्शनकडे. नर्स जुनी, खमकी. म्हणाली, 'डॉक्टर, आधी बसवू या त्याला.' बसवलं, घट्ट मोजे काढले, चादर बाजूला केली. कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडलेली. सरळ केली तशी पिशवीत भराभर लघवी उतरली आणि दहा मिनिटांत प्रेशर ११८. टी-सिक्स किंवा त्याच्या वरच्या इजेत भरलेलं मूत्राशय, तुंबलेला शौच, कधी पायाचं आत वाढलेलं नखसुद्धा असं प्रेशर चढवतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, एमबीबीएसला दोन ओळींत वाचलेला होता. त्या रात्रीनंतर मी औषधाआधी नळी बघते.

दुसरा प्रसंग टीम कॉन्फरन्सचा. आठवड्यातून एकदा डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, नर्स, सोशल वर्कर एकत्र बसून प्रत्येक पेशंटचं बोलतात. मी अर्धांगवायूच्या आजोबांचा सीटी, एको, गोळ्यांचे डोस घडाघडा सांगितले. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, 'घराला पायऱ्या किती? कठडा कुठल्या बाजूला?' मला माहीत नव्हतं. फिजिओला माहीत होतं: चार पायऱ्या, चढताना कठडा उजवीकडे. आजोबांचा उजवाच हात लुळा. म्हणजे डाव्या बाजूला दुसरा कठडा बसेपर्यंत घरी सोडण्याची तारीख ठरवण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा मला माझ्या इंटर्नशिपमधले एक काका आठवले. ऊसतोडीवरून आलेले, तसाच झटका. सहाव्या दिवशी डिस्चार्ज, कागदावर 'फिजिओथेरपी चालू ठेवणे'. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा, तिथे फिजिओथेरपी कुठली चालू ठेवणार? उंबरठा कसा ओलांडला, उकिडवं कसं बसले, कुणी विचारलं नाही. मीही नाही. कागद माझ्याच अक्षरातला होता.

इथे सगळं आलबेल आहे असं समजू नकोस. रिहॅब हॉस्पिटलात राहायचं तर पेशंटने दिवसाला साधारण तीन तास थेरपी, आठवड्यातून पाच दिवस, झेपवली पाहिजे असा नियम आहे. विमा कंपनी 'गरज नाही' म्हणते आणि मग तू त्यांच्या डॉक्टरशी फोनवर भांडत बसतोस. रेसिडेंटचा बराच वेळ अशा फोनांत जातो, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

आता व्यवहाराचं. रेसिडेन्सी चार वर्षांची: एक वर्ष इंटर्न, तीन वर्षं पीएमआर. काही प्रोग्रॅम चारही वर्षं देतात, त्यांना कॅटेगोरिकल म्हणतात. बाकीचे ॲडव्हान्स्ड, म्हणजे इंटर्न वर्ष तू दुसरीकडे, प्रिलिमिनरी (एकाच वर्षाच्या) मेडिसिन, सर्जरी किंवा ट्रान्झिशनल इयरमध्ये (वेगवेगळ्या विभागांत फिरण्याचं वर्ष) शोधायचं. हमखास फसायची जागा ही. मॅचमध्ये, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीयाद्या जुळवून जागा देतात त्यात, पीएमआरची जागा मिळाली आणि पहिल्या वर्षाची मिळाली नाही, असं होऊ शकतं. म्हणून प्रिलिमला वेगळे अर्ज, वेगळे इंटरव्ह्यू आणि पुरवणी रँक लिस्ट (पसंतीयादी). ट्रान्झिशनलच्या जागांवर त्वचा आणि रेडिओलॉजीवाल्या हुशार मुलांचा डोळा असतो, त्यावर विसंबू नकोस. प्रिलिम मेडिसिनला भरपूर अर्ज कर. भारतातली तुझी इंटर्नशिप या वर्षाच्या जागी चालत नाही, आणि एमडी केलंस तरी रेसिडेन्सी पहिल्यापासूनच.

वर्षाचं चक्र असं: सप्टेंबरात अर्ज, हिवाळाभर इंटरव्ह्यू, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मॅच, जुलैला रुजू. अर्जाआधी दोन्ही स्टेप आणि इंग्रजीची ओईटी उरकलेली असावी, म्हणजे परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट वेळेत हातात येतं. पहिल्या वर्षाचा पगार साधारण साठ ते सत्तर हजार डॉलर. एकट्याला पुरतो, मोठ्या शहरात जेमतेम.

व्हिसाचं मात्र घरच्यांसोबत बसून बोल. बहुतेकांना जे-वन, म्हणजे शिकायला येणाऱ्यांचा एक्स्चेंज व्हिसा, मिळतो. त्यासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं, ते वेळ खातं. आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट. ती टाळायची तर कॉनरॅड वेव्हर, म्हणजे त्या अटीतून सूट: दरवर्षी प्रत्येक राज्याला तीस जागा, डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. बरीच राज्यं आधी फॅमिली मेडिसिन, इंटर्निस्ट (जनरल मेडिसिनवाले) घेतात, आपला नंबर मागून. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला स्टेप थ्री आधी पास लागते, शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर फी लावली गेली. कुठलं हॉस्पिटल इंटर्नसाठी एवढे मोजेल?

दोन वर्षं परत जाण्याला लोक शिक्षेसारखं धरतात. डॉ. मेरी व्हर्गीस यांचं नाव ऐकलंयस? १९५४ च्या अपघातात त्यांच्याच मज्जारज्जूला इजा झाली. व्हीलचेअरवरून शस्त्रक्रिया केल्या, मग न्यूयॉर्कला रिहॅबचे अग्रणी डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत हेच शिकल्या आणि वेल्लोरच्या मेडिकल कॉलेजात परतून तिथला पीएमआरचा विभाग उभा केला. मी परतले नाही, तेव्हा तुला उपदेश करायचा मला हक्क नाही. पण यादीत तो रस्ताही मांड.

शिफारसपत्रांतली निदान दोन फिजिॲट्रिस्टची, म्हणजे पीएमआरच्या डॉक्टरांची, हवीत. एकदा पदवी हातात पडली की इथे बहुतेक ठिकाणी फक्त ऑब्झर्व्हरशिप मिळते, पेशंटला हात लावता येत नाही. म्हणून इंटर्न असेपर्यंत इलेक्टिव्हसाठी (पेशंट बघत शिकण्याचे काही आठवडे) जिथे घेतात तिथे आत्ताच मेल टाक. एजंटला पैसे देऊ नकोस. माझ्या एका मैत्रिणीने दिले, आणि महिनाभर ती एका क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये बसली.

आणि तिकिटाच्या आधी मुंबईला जा. हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, १९५५ पासूनची. तिथे एमडी होते, तुझ्या पहिल्या पर्यायाचं उत्तरही तिथेच. परवानगी काढून आठवडाभर ओपीडीत उभा राहा. कृत्रिम पाय बनवतात तो विभाग बघ. रोज एका तरी पेशंटला त्याच्या घराच्या पायऱ्या विचार आणि वहीत लिही. आठवड्याने ती वही घेऊन मला फोन कर. माझी संध्याकाळ म्हणजे तुझी पहाट, तेव्हा रविवारी कर, मी घरी असते.