वाचक विचारतात : काकासाहेब गाडगीळ आणि पठाणकोटचा रस्ता

प्रश्न : स्वतंत्र भारताचे पहिले बांधकाममंत्री पुण्याचे काकासाहेब गाडगीळ होते, असं मुलीच्या शिक्षिकेनं सांगितलं. त्यांनी नेमकं काय बांधलं? – एक पालक

उत्तर : बाईंनी सांगितलं ते बरोबर आहे. नरहर विष्णु गाडगीळ. ऑगस्ट १९४७ च्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. शिक्षण वकिलीचं, १९२० पासून काँग्रेसचं काम, मधे तुरुंगाच्या वाऱ्या. मी जन्मभर बांधकाम खात्यात नोकरी केली, म्हणून धरणांआधी एका रस्त्याबद्दल लिहितो. आपल्याकडे त्याचं कुणी नावही काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

फाळणीपूर्वी काश्मीरला जायच्या मुख्य वाटा दोन : रावळपिंडीहून बारामुल्ल्याची आणि सियालकोटहून जम्मूची. दोन्हींची तोंडं पाकिस्तानात गेली. ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानातून सशस्त्र टोळीवाले काश्मीरमध्ये घुसले तेव्हा श्रीनगरला सैन्य विमानानं उतरवावं लागलं. पण विमानातून दारूगोळा किती नेणार, रेशन किती नेणार? जमिनीवरून उरली होती पंजाबातल्या पठाणकोटहून जम्मूला जाणारी वाट, सुमारे शंभर किलोमीटरची, जड वाहनांना न झेपणारी. सरदार पटेलांनी काकासाहेबांना सांगितलं, लष्करी गाड्या जातील असा रस्ता आठ महिन्यांत हवा.

आठ महिने म्हणजे काय, ते खात्यातल्या माणसाला विचारा. सर्वेक्षण, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा यातच आमचं वर्ष सरायचं. त्यात मुलूख शिवालिकच्या पायथ्याचा. गोट्यांनी भरलेले ओढे एरवी कोरडे ठणठणीत असतात, पण वर डोंगरात पाऊस झाला की भरावच्या भराव धुऊन नेतात. तिथे नुसती खडी पसरून रोलर फिरवणं पुरत नाही, जागोजाग पूल आणि मोऱ्या घालाव्या लागतात. राजस्थानातून खास रेल्वेगाड्यांनी हजारो मजूर आणले गेले, रात्री दिवे लावून काम चाललं. या मजुरांसाठी फिरते दवाखाने, बाजार, अगदी सिनेमासुद्धा तिथे नेला होता.

या सगळ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही व्यवस्था. परमुलखात आणलेल्या मजुराला ताप आला, पीठ-मीठ मिळेनासं झालं, की तो गावची गाडी धरतो. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नावं राहतात, कामावर माणूस नसतो. मुदती चुकतात त्या बऱ्याचदा इथे, आणि वकील असलेल्या मंत्र्याच्या कारकिर्दीत याची सोय झाली, याचा मला मनापासून आदर वाटतो. रस्ता झाला. पुढे जम्मूहून श्रीनगरला जाताना लागणारी बनिहालची खिंड बर्फानं बंद पडायचीच. त्यासाठीचा जवाहर बोगदा १९५६ मध्ये खुला झाला, तेव्हा काकासाहेब मंत्री नव्हते.

धरणांचं थोडक्यात सांगतो. दामोदर नदीवर धरणं बांधणाऱ्या दामोदर खोरे महामंडळाचा १९४८ चा कायदा त्यांच्याच खात्याचा. भाक्रा, हिराकूड, कोयना या कामांचा पाठपुरावाही त्यांनी केला. हिराकूड १९५७ मध्ये आणि भाक्रा १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. ही कामं एका मंत्र्याच्या कारकिर्दीत मावणारी नसतातच.

प्रश्न : सोमनाथचं मंदिर त्यांच्या खात्यानं सरकारी पैशातून बांधलं का?

उत्तर : नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये काकासाहेब सरदारांबरोबर सोमनाथला गेले होते आणि पुनर्बांधणीचा संकल्प तिथेच झाला. खर्च सरकारनं करावा असा आधी विचार होता. तिजोरीतून नको, लोकांकडून पैसा उभा करा, असं गांधीजींनी सुचवलं. त्यानुसार विश्वस्त निधी झाला, पुढचा भार काँग्रेसचे नेते कन्हैयालाल मुनशींनी वाहिला आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली.

प्रश्न : घरबांधणी त्यांच्याकडेच होती का? मंत्रिपद गेल्यावर काय केलं?

उत्तर : केंद्रीय बांधकाम विभाग त्यांच्या हाताखाली होता, पण निर्वासितांच्या पुनर्वसनाचं खातं वेगळं होतं. खात्याच्या नावात ‘गृहनिर्माण’ आलं ते १९५२ मध्ये, सरदार स्वर्णसिंग मंत्री झाले तेव्हा. काकासाहेब पुढे १९५८ ते १९६२ पंजाबचे राज्यपाल आणि १९६४ पासून पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. १२ जानेवारी १९६६ ला ते गेले. आदल्याच दिवशी ताश्कंदला शास्त्रीजींचं निधन झालं होतं, सारा देश त्या धक्क्यात होता. मुलीला शाळेसाठी टिपण लिहायचं असेल, तर त्यात पठाणकोटचा रस्ता अवश्य घालायला सांगा.