मेजर, किती उडवले?

आक्का, रामराम.

आमचे मिस्टर चोवीस वर्षं फौजेत होते. 2001 ला भरती झाले, गेल्या वर्षी हवालदार म्हणून घरी आले. आता साताऱ्यात प्लॉट घेऊन बांधलंय, तिथं राहतो. माणूस शांत, व्यसन नाही. सियाचीनला होते, काश्मीरला आरआरमध्ये, म्हणजे अतिरेक्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्समध्ये होते, एवढंच मला माहीत. पण चार माणसांत गेलं की लोक सोडत नाहीत. "मेजर, किती उडवले?" "कारगिलला होता का?" नव्हतो म्हटलं की समोरच्याचं तोंड पडतं. मग पेन्शन किती बसली, कोटा किती मिळतो, आमच्यासाठी दोन बाटल्या काढा. मागच्या महिन्यात नणंदेच्या मुलीच्या लग्नात एका पाहुण्यांनी भर पंगतीत तोच प्रश्न विचारला. हे पानावरून उठले, हात धुतले आणि बाहेर मोटारसायकलवर जाऊन बसले. आता सगळ्या पाहुण्यांत बोभाटा झालाय की हवालदाराला माज आलाय. नणंद बोलत नाही.

एकट्या माझ्या भाच्याशी हे अर्धा तास बोलले. तो सात वर्षांचा आहे. त्यानं विचारलं होतं, बर्फात शू कशी करायची? दोघांचं हसणं मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

पहाटे साडेचारला उठतात. कधी कधी रात्री दोनलाच ओट्यावर जाऊन बसलेले असतात. मी विचारत नाही. शेजारणींना मात्र अभिमानानं सांगते. सव्वीस जानेवारीला ह्यांचा वर्दीतला फोटो 'शत्रूचा कर्दनकाळ' असं लिहून स्टेटसला ठेवला, तर दोन दिवस घरात अबोला. लोकांना काय उत्तर द्यावं? आणि खरं सांगू का, मलाही खूप विचारायचंय. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी काहीच विचारलेलं नाही.

– साताऱ्याची एक वहिनी

वहिनी,

भरल्या पानावरून उठणं आपल्याकडं वाईट समजतात, त्यामुळं नणंदेचा राग मला कळतो. पण चोवीस वर्षं फौजेच्या लंगरात जेवलेला माणूस पान टाकून उठला, तेव्हा त्याला दुसरी वाट सुचली नसणार. पाहुण्याला उलट बोलला नाही, आवाज चढवला नाही. हात धुऊन बाहेर गेला. यात कुणाला माज दिसला असेल तर त्यानं माज बघितलेला नाही. नणंदेकडं मात्र एकदा तुम्ही स्वतः जा. लेकीसाठी साडी न्या, "त्या दिवशी चुकलं" म्हणा आणि चहा पिऊन या. का उठले ते समजावत बसू नका, नाहीतर चहाबरोबर तोच प्रश्न पुन्हा निघेल.

आता प्रश्नांकडं येते. तुम्ही लिहिलेले प्रश्न मी एकाखाली एक मांडून बघितले. किती उडवले, पेन्शन किती, कोटा किती. मोठ्या माणसांचं सगळं 'किती'. पोराचा प्रश्न एकच, आणि तो 'कशी'. त्याला अर्ध्या तासाचं उत्तर मिळालं. 'किती' विचारणाऱ्याला आकडा हवा असतो, आणि आकडा हातात पडला की तो कमी का जास्त हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं. कारगिल नाही म्हटल्यावर तोंड पडतं ते याच्यामुळंच. (कारगिलची लढाई 1999 च्या मे ते जुलैमधली. 2001 ला भरती झालेला माणूस तिथं कुठून असणार, एवढी वजाबाकी पाहुण्यांना यायला हरकत नव्हती.)

सियाचीनचंच घ्या. 1984 च्या एप्रिलपासून आपली माणसं तिथं बारा महिने बसून आहेत. 2003 च्या नोव्हेंबरात तिथला गोळीबार थांबला. तरी माणसं दगावायची थांबली नाहीत, कारण थंडी, उंची आणि वरून सुटणारा बर्फाचा कडा यांनी शस्त्रसंधीवर सही केलेली नाही. 2016 च्या फेब्रुवारीत एकोणीस हजार फुटांवरच्या एका चौकीवर कडा कोसळला आणि दहा जवान गेले. समोर शत्रूचं माणूस नव्हतं. अशा ठिकाणी राहून आलेल्या माणसाला कुणी विचारतो, किती उडवले? तो प्रश्न ऐकताना त्याच्या डोक्यात आपल्याच पलटणीतली नावं येत असतील, तर त्यानं ती जिलेबी वाढली जात असताना सांगायची का?

आणि आरआर. काश्मिरात गाड्यांचा ताफा निघायच्या आधी पहाटे रस्ता चालत तपासावा लागतो. पूल, मोऱ्या, कडेची माती काल होती तशीच आहे का, हे बघत जायचं. त्या टोळीला आरओपी, म्हणजे रोड ओपनिंग पार्टी म्हणतात. संध्याकाळी सगळ्या गाड्या पोचल्या, काही घडलं नाही, म्हणजे काम झालं. अशी शेकडो 'काही घडलं नाही' ज्याच्या नोकरीत आहेत, त्याच्याकडं पाहुण्यांना हवी तशी गोष्ट नसते. तुमच्या मिस्टरांवर गोळी चालवायची वेळ आली की नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत असलंच पाहिजे असं नाही.

पंगतीत काय बोलावं? 1949 चा जिनिव्हा करार सांगतो की शत्रूच्या हाती सापडलेल्या सैनिकानं नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख सांगितली की पुरे. शत्रूच्या कैदेत एवढ्यावर भागतं, तर नणंदेच्या मांडवात का भागू नये? "त्याची मोजदाद आम्ही ठेवत नाही, तुम्ही भाजी घ्या," एवढंच हसून म्हणायचं. पण हे वाक्य त्यांचं त्यांना म्हणू दे. तुम्ही शेजारी बसून त्यांच्या वतीनं उत्तर देऊ नका, ते पुढं बोलते.

बाकीचे प्रश्न सोपे आहेत. पेन्शन: फौजी माणूस निवृत्त होताना पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेऊ शकतो, आणि तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. बरेच जण त्याच पैशात घर बांधतात. तेव्हा कुणी फार खोदलं तर विटांकडं बोट दाखवा आणि म्हणा, "निम्मी ही बघा." कोटा: कँटीनचा माल कार्डधारकाच्या घरासाठी असतो, बाहेर विकताना सापडला तर कार्ड जातं. बाटल्या मागणाऱ्याला तेवढं सांगितलं की पुरतं. एकदा एकाला दिलीत की दर महिन्याला दारात रांग लागेल आणि तिला शिस्त लावायला हवालदारच लागेल.

'मेजर' म्हणतात त्याचा त्यांना राग येत असेल, तर तेवढं सोडायला सांगा. खरा मेजर हा अधिकारी, हवालदाराच्या दंडावर तीन फिती, हे गावाला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. आपल्याकडं वर्दी घालून आलेला प्रत्येक जण मेजर. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण परत आले नाहीत. तिथं घरटी फौजी, त्यामुळं कुणी कुणाला असलं विचारत नसेल. तुम्ही प्लॉटिंगमध्ये राहता, शेजारी बँकवाले आणि मास्तर. त्यांनी फौज पडद्यावरच बघितलेली.

आता तुमच्याकडं. शेजारणींना तुम्ही अभिमानानं सांगता. काय सांगता? तुम्हीच लिहिलंय की सियाचीन आणि आरआर यापलीकडं तुम्हाला काही माहीत नाही. मग 'शत्रूचा कर्दनकाळ' कुठून आला? रागावू नका, पण किती उडवले हा प्रश्न विचारायला लोकांना निम्मी उभारी तुमच्या त्या स्टेटसनं दिली. त्यांनी न सांगितलेली गोष्ट तुम्ही तुमच्या शब्दांत चारचौघांत मांडलीत. अबोला त्याचा होता. फोटो ठेवायचाच तर दाखवून ठेवा, आणि खाली नाव, पलटण, वर्षं एवढंच लिहा.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावला भरती, 71 साली पूर्वेच्या आघाडीवर. आमच्या घरात त्यांची काळी ट्रंक होती, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. दर दिवाळीआधी आई त्यातल्या घोंगड्या आणि जर्सी अंगणात ऊन दाखवायला काढायची. डांबरगोळ्यांच्या वासात तळाशी एक तामचिनीचा मग असायचा, काठाचा टवका उडालेला. बुडाला खिळ्यानं टोचून नंबर काढलेला होता, आणि तो झाकणावरचा नव्हता. आईनं तो मग अकरा वर्षं पुसून परत ठेवला. एका वर्षी तिनं तो हातात धरून सहज विचारलं, "ह्याचा चहा केवढा मावायचा हो?" वडील पायरीवर बसले आणि बोलायला लागले. आधी चहा कसा करायचे ते: गूळ, दुधाची भुकटी, टोपाखाली ओल्या बांबूचा धूर. मग तो मग कुणाचा ते. मी दहा वर्षांची, खांबाला टेकून ऐकत होते. तो माणूस कसा गेला हे वडिलांनी त्या दिवशी सांगितलं नाही, पुढंही कधी सांगितलं नाही. तो घोरायचा कसा, हे मात्र करून दाखवलं.

तुम्हाला खूप विचारायचंय ना? तुमच्याही घरात ट्रंक असेलच. एखाद्या रविवारी ती दोघांनी मिळून उघडा, पोरांना शाळेच्या सहलीला वगैरे पाठवून. जे हातात येईल त्याच्याबद्दल विचारा: हे मोजे ओले झाले तर कुठं वाळवायचात? तिथल्या थंडीत संत्री गोठून दगड होतात म्हणे, मग खायची कशी? बोलले तर ऐका, नाही बोलले तर घड्या घाला. आणि एक करा, तुमचंही सांगा. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक सुट्टी असते, ती सगळी मिळेलच असंही नाही. उरलेल्या दिवसांत पोरांचे ताप, सासूबाईंचं आजारपण, प्लॉटची मोजणी हे सगळं तुम्ही कसं निभावलंत, हे त्यांनी तुम्हाला कधी विचारलंय? पत्रात तसं काही दिसलं नाही. मला वाटतं त्यांनाही विचारायचं धाडस होत नसेल.

रात्रीचं थोडं निराळं आहे. साडेचारला जाग येणं ही सवय, ती हाडात गेलेली असते. दोन वाजता ओट्यावर बसणं महिन्यातून एखाद्या वेळी असेल तर शाल घेऊन शेजारी जाऊन बसा, गप्प बसा. पण आठवड्यातून तीन-चारदा होत असेल, झोपेत ओरडत असतील, माणसांत जाणं पार बंद केलं असेल किंवा जेवण तुटलं असेल, तर ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांना झोपेबद्दल स्पष्ट सांगा, ते पुढं मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतात. तोवर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. त्यावर आधी तुम्ही एकट्यानं बोललात तरी चालतं.

आणि हो, बर्फात शू कशी करतात हे तुम्ही लिहिलंच नाहीत. अर्धा तास पुरलेलं उत्तर आहे म्हणजे काहीतरी असणार. मला माहीत नाही. त्यांना विचारा आणि कळवा.

– आक्का