बादली पालथी ठेव, आणि बाकीचं

अरे बाळा,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण एवढं सगळं मोबाईलवर टाइप करायचं म्हणजे मला चष्मा, चार्जर आणि चहा तिन्ही जवळ लागतं, म्हणून उशीर झाला. लेक सव्वादोन वर्षांची झाली आणि तू विचारतोयस की बाई, कुठलं लर्निंग ॲप घेऊ. आणि त्याच मेसेजच्या शेवटी सहज लिहिलंयस की ती दिवसभर घरात नुसती उचकापाचक करते, नको नको म्हणून घसा बसतो. अरे, ती उचकापाचक हाच तिचा अभ्यास आहे! घर एकदा असं करून ठेव की तिला नको म्हणायची वेळच कमी येईल, मग ॲपबिप बघू.

आधी माझी चूक सांगते, बालवाडीच्या बाई असून केलेली. माझा धाकटा दीड वर्षाचा होता, पायात वाळे. न्हाणीघरात बादलीत वीतभर पाणी राहिलेलं आणि दारात शेजारीण आली म्हणून मी तिच्याशी बोलत उभी राहिले, दोन मिनिटंच. रडणं नाही, ओरडणं नाही, धप्प नाही की काही नाही. नुसते वाळे वाजायचे थांबले. ते कानाला एकदम जाणवलं आणि पळाले तर हा बादलीत डोक्यावर, पाय वर. लगेच काढला म्हणून वाचला, पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. सिनेमातल्यासारखं बुडणारं मूल हात मारत ओरडत नाही रे, गप्प जातं, आणि या वयात डोकं अंगाच्या मानाने जड, त्यामुळे एकदा तोल गेला की स्वतःहून वर येता येत नाही. तेव्हापासून आमच्याकडे बादली वापरून झाली की पालथी. आजही, घरात लहान कोणी नसताना.

तर रविवारी अर्धा तास काढ आणि घरभर गुडघ्यावर रांग. हसू नकोस, खरंच रांग, तिच्या उंचीवरून बघ. टेबलक्लॉथचं टोक बरोबर तिच्या हाताशी येतं आणि त्याच्यावर तुझा चहा असतो. बेसिनखाली फिनेल आणि ॲसिड असतं, त्यातलं एखादं कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलेलं असतं, ते तर आजच फेक. तुम्ही चौथ्या मजल्यावर, म्हणजे बाल्कनीत ग्रिलजवळ खुर्ची नको, कुंडी नको, चढता येईल असं काहीच नको. बाथरूमची आतली कडी वर लाव, नाहीतर एक दिवस ती आत आणि तुम्ही बाहेर. आणि अंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम कधी चुकवायचा नाही. पाणी तापवायचा रॉड वापरत असाल तर ती झोपेतून उठायच्या आत पाणी तापवून रॉड काढून वर ठेवायचा.

रिमोटमधले आणि गाणाऱ्या खेळण्यांतले ते चपटे बटण सेल मात्र वेगळं प्रकरण आहे. मुलाने गिळला आणि घशाखाली अडकला तर दोन तासांत आतून जाळायला लागतो, म्हणून नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल, सकाळपर्यंत वाट बघत बसायचं नाही. फिनेल, रॉकेल काहीही पोटात गेलं तर मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही, बाटली सोबत घ्यायची आणि १०८ लावायचा किंवा रिक्षा पकडायची. भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं धरायचं, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई तर नाहीच नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात. कूट आपल्याकडे सगळ्यात पडतंच, ते चालतं.

एवढं झालं ना, की तिला सोडून दे घरात. म्हणजे एकटं नाही, तुझ्या नजरेखाली. खालच्या एका कप्प्यात तिची भांडी ठेव, दोन वाट्या, एक झाकण, लाकडी पळी. मेथी निवडताना चार काड्या तिच्यापुढे टाक, ती अर्ध्या जमिनीवर टाकेल, टाकू दे, ते पान खुडणारं बोट पुढे पेन्सिल धरणार आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजा. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायला दे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडला गेल्या, तिथे आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना शंखशिंपले, पानं, बिया हेच सामान होतं. तुझ्या घरात तर अख्खं किचन आहे!

आणि बोल तिच्याशी, भरपूर बोल. दुकानातून येताना, पोळी लाटताना. मोबाईल बोलतो, पण ती काय म्हणाली ते ऐकून पुढे बोलत नाही, तेवढा एकच दोष पुरे आहे. दोन ते पाच वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हणतात, तोही कोणीतरी शेजारी बसून, आणि जेवताना अजिबात नाही. तुझी आई गावाकडचं बोलते म्हणून तुम्ही तिला नातीशी ‘शुद्ध’ बोलायला लावता असं कळलं, मला राग आला बरं का. आजीच्या गोष्टीत जेवढे शब्द आहेत तेवढे त्या ॲपमध्ये नाहीत. २०२० च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय. एबीसीडी येईल की, पळून नाही चाललेली.

अजून एक, जरा अवघड वाटेल. अंघोळ घालताना सगळ्या अवयवांची सरळ नावं सांग, लाजून टोपणनावं नकोत. आणि पाहुणे आले की दे पापी, दे पापी म्हणून जबरदस्ती करू नका, तिला नको असेल तर नको. घरात जिला नाही म्हणता येतं तिला बाहेरही म्हणता येतं. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव.

सगळं एका दिवसात होणार नाही, कळतंय मला, तुम्ही दोघं नोकरीवाले. पण आईच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत असतात, मागच्या वेळी आले तेव्हा बघितल्या मी. शुगरची एखादी गोळीसुद्धा एवढ्याशा पोरीला धोक्याची. त्या आज रात्रीच वरच्या कपाटात ठेव, बाकीचं रविवारी.

तुझ्या बाई