आधी कोरडा डबा, मग दुर्बीण

मार्च लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातून तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. आकाशगंगेचा ठसठशीत भाग त्या सुमारास पहाटे दिसायला लागतो, कुणाच्या तरी स्टेटसवर त्याचा फोटो झळकतो आणि मग सगळ्यांनाच दुर्बीण हवी असते. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच लिहितो.

मोबाइलने आकाशगंगेचा फोटो येतो का? (गुहागर)

येतो. प्रो किंवा नाइट मोड, मोबाइल स्टँडवर घट्ट, आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून टायमर.

मुलगा नववीत आहे. ‘५२५ पट मोठं दाखवणारी’ ७० मिलिमीटरची दुर्बीण ऑनलाइन स्वस्तात मिळतेय, मोबाइल लावायचा अडॅप्टर फुकट. सेल रविवारी संपतो. घेऊ का? (चिपळूण)

नको. सेल पुढच्या महिन्यातही असेल.

पट हा आकडा खोक्यावर छापण्यासाठी असतो. हलक्या प्रतीची आयपीस (डोळा लावायची भिंग) आणि बार्लो लेन्स (पट वाढवणारी जोडभिंग) खोक्यात टाकली की तो हवा तेवढा वाढवता येतो. दुर्बिणीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा, तिची मर्यादा तिथे संपते. म्हणजे ७० ची दुर्बीण फार तर १४० पट, आणि समुद्राकाठच्या हवेत तेवढंही रोज मिळत नाही. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण अंधुक. अशा दुर्बिणीतून डोळ्यांनी चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी छान दिसतात. मोबाइल लावून चंद्राचा फोटोही निघेल. तेजोमेघांचा (अंतराळातल्या वायू-धुळीच्या ढगांचा) मात्र नाही, कारण खोक्यातला काटकुळा स्टँड वाऱ्याच्या झुळकीने थरथरतो आणि ताऱ्यांबरोबर फिरतही नाही. या छंदात पैसा नळीपेक्षा स्टँडवर जास्त जातो, आणि तेच दुकानदार सांगत नाही.

मुलाला आधी एका आकाशदर्शनाला पाठवा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते, मुंबईचं खगोल मंडळ आहे. तिथे दुसऱ्यांच्या दुर्बिणींना डोळा लावू दे, त्यांच्या मालकांना प्रश्न विचारू दे. खरेदी त्यानंतर.

डीएसएलआरवर १८-५५ ची लेन्स आहे. ३० सेकंद ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा येतात. लेन्स खराब आहे का? (देवरुख)

लेन्स ठीक आहे, पृथ्वी फिरते. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं ते काढायला ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याने) भागा, पण लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात आधी तिला दीडने गुणा. १८ मिमीचे २७ होतात, म्हणजे साधारण १८ सेकंद. आजच्या बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यांत हेही जास्तच होतं, मी १० ते १२ वर थांबेन. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका. स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून हाताने फोकस करा. असे वीस-तीस फोटो घेऊन सिरिल किंवा सिक्वेटर या मोफत सॉफ्टवेअरने एकत्र करा. नवी लेन्स घेण्याआधी एवढं करून पाहा.

जुना कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स घेतली होती. जूनमध्ये लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसलं. कोणी म्हणतं तांदळात पुरा, कोणी म्हणतं उन्हात ठेवा. काय करू? (मालवण)

जूनमध्ये दिसलं आणि विचारताय सप्टेंबरात. मधल्या तीन महिन्यांत ते जाळं वाढत होतं.

ती बुरशी आहे. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना लागते ओल, अंधार आणि कोंडलेली हवा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की ते रुजतात, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती ८० च्या खाली क्वचितच येते. त्यात लेन्स रेक्झिनच्या बॅगेत, बॅग लाकडी कपाटात आणि कपाट जून ते सप्टेंबर बंद. बुरशीतून आम्ल सुटतं आणि ते काचेवरचा लेप खातं. नंतर बुरशी पुसली तरी डाग राहतो.

तांदळाने काही होत नाही. त्यात स्वतःचीच ओल असते, वर पिठाची धूळ आणि पोरकिडे. उन्हाचा सल्ला तर घातक आहे. लेन्स तापून आतलं वंगण पातळ होतं आणि झाकण काढून ठेवलेली लेन्स सूर्य एकवटून काहीतरी जाळू शकते. लेन्स स्वतः उघडू नका. जाणत्या कारागिराकडे न्या, खर्चाचा अंदाज घ्या. ५० मिमीच्या स्वस्त लेन्सला साफसफाई परवडत नाही असंही तो सांगेल, तर ते ऐका. तोवर ती इतर सामानापासून वेगळी ठेवा.

बाकीच्यांसाठी: रबरी कडा असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. ४० ते ५० टक्के राखा. ३० च्या खाली नेऊ नका, वंगण आणि रबर सुकतं. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर सुकवून, बंद डब्यात गार करून पुन्हा वापरा. ऐपत असेल तर विजेचं ड्राय कॅबिनेट घ्या, पण वीज जाते हे धरून जेलही ठेवा. बॅग ही प्रवासासाठी, साठवणीसाठी नव्हे.

दुसरा शत्रू खारा वारा. पुळणीवर दोन तास उभं राहिलात की पुढच्या काचेवर चिकट थर बसतो. तो सदऱ्याच्या टोकाने पुसलात तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतील. आधी ब्लोअरने फुंका, मग लेन्सच्या कागदावर लेन्स साफ करायचा थेंबभर द्रव घेऊन हलक्या हाताने टिपा. ट्रायपॉड घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सांधे उघडून वाळवा. पहाटे काचेवर दव बसलं तर पुसत राहू नका. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती गुंडाळा. आणि एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट अंगणात काढू नका, बंद बॅगेत अर्धा तास बाहेरच्या हवेशी जुळू द्या.

जुनी लेन्स विकत घेताना ॲपर्चर उघडं ठेवून मागून टॉर्च मारून पाहायची असते. हे विकणारा सांगणार नाही.

ताऱ्यांबरोबर फिरणारा ट्रॅकर घ्यावा का? (देवगड)

साध्या ट्रायपॉडवर एक हिवाळा काढल्यावर. मृगातला तेजोमेघ, कृत्तिका, देवयानी दीर्घिका यांच्यावर हात बसू द्या.

ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १६-१७ अंशांवर असतो. माड, डोंगर, धुरकट हवा, सगळं आडवं येतं. काही माउंट (ट्रॅकर किंवा दुर्बीण बसवायचे जोड) इतके खाली झुकतच नाहीत, किंवा त्यांचा वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. पैसे देण्याआधी हे दुकानात जोडून पाहा, नाहीतर आपल्या अक्षांशावर वापरणाऱ्याला विचारा. त्याच अक्षांशामुळे दक्षिणेचं आकाश मात्र आपल्याला जास्त मिळतं. मे महिन्यात रात्री दहा-अकराला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ समुद्रकाठून पंचवीस अंशांपर्यंत वर दिसतो. युरोपातले बहुतेक हौशी लोक त्याला मुकतात.

आमचं विजयदुर्गला होमस्टे आहे. ‘लॉकियरने १८६८ मध्ये इथे हेलियम शोधला’ असा फलक लावून आकाशछायाचित्रणाचे पाहुणे बोलवावेत का?

पाहुणे बोलवा, फलक असा लावू नका. हेलियमच्या शोधाशी दोन खगोलशास्त्रज्ञांची नावं जोडली जातात, फ्रेंच जान्सेन आणि इंग्रज लॉकियर. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात जान्सेन गुंटूरला होते, लॉकियर इंग्लंडमध्ये. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ती मोहीम खरी आहे आणि फलकाला पुरेशी आहे. मजकूर लावण्याआधी इतिहासाच्या जाणकाराला दाखवा. आणि पाहुण्यांसाठी अंगणातला पांढरा एलईडी रात्री बंद ठेवा, त्याचा उपयोग फलकापेक्षा जास्त होईल.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रात्री एकटं गेलं तर चालेल का? (राजापूर)

नाही. फुरशी हे विषारी साप तिथे रात्रीच हिंडतात. दोघे-तिघे जा, घोट्यावरचे बूट घाला, चालताना पांढरा टॉर्च वापरा. लाल दिवा कॅमेऱ्यापाशी पोचल्यावर. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे हे निघण्याआधी फोन करून विचारा.

आकाशगंगा समुद्रावर मावळतानाचा फोटो कधी मिळेल? (वेंगुर्ला)

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात, अमावास्येच्या आसपास, संध्याकाळी साडेसातला. नैर्ऋत्येला धनु राशी तीसेक अंशांवर असते. पश्चिमेला बोटींचे दिवे असतील तर कॅमेरा डावीकडे वळवा.

एक्स-रेची फिल्म लेन्ससमोर धरून सूर्यग्रहणाचा फोटो घेता येईल का? (दापोली)

नाही. काजळी लावलेली काचही नाही, आयपीसमध्ये बसवायचा छोटा काळा फिल्टरही नाही, तो उष्णतेने तडकतो. सूर्यासाठी बनवलेला प्रमाणित फिल्टर, लेन्सच्या पुढच्या तोंडावर, दर वेळी भोक आहे का ते तपासून. २ ऑगस्ट २०२७ ला भारतातून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे, पण तेव्हा कोकणात पाऊस असतो. घाटापलीकडे नातेवाईक असतील तर त्यांना आत्ताच कळवा, आणि फिल्टर घेण्याआधी एखाद्या खगोल संस्थेला दाखवा.